कोळंबीभातातली कोळंबी

आमच्या घरात कोळंबीभात खाल्ला जायचा तो भातासाठी. भात अप्रतिमच व्हायचा. खडा मसाला, ओलं खोबरं, आलं-लसूण-कोथिंबीर-मिरचीचं वाटण आणि कोळंबीचा सगळा गोडवा शितात उतरलेला. कोळंबी मात्र जो तो कर्तव्य म्हणून चावायचा. सासूबाई सीकेपी, त्यांच्या हाताला चव आहे हे मी लग्नाआधीपासून ऐकून होते आणि ते खरंही आहे. पण त्यांच्या पातेल्यात कोळंबी आधी मसाल्यावर परतली जायची, मग तांदळाबरोबर तांदूळ शिजेपर्यंत शिजायची, मग तव्यावर ठेवून वाफेवर मुरायची आणि पाहुण्यांना उशीर झाला की आणखी अर्धा तास तिथेच. इतक्या वेळात मटणाचं काहीतरी भलं होतं. कोळंबीचं होत नाही.

मटण निबर असतं ते त्यातल्या चिवट पडद्यांमुळे. ते विरघळायला तास-दीड तास मंद आच लागते, म्हणून जितकं शिजवाल तितकं मटण मऊ. कोळंबीच्या मांसात हे चिवट प्रकरण फारच थोडं, आणि जे असतं तेही लवकर सैल पडतं. म्हणजे ती मुळात कच्चीच मऊ असते, शिजवून आपण तिला फक्त खाण्याजोगी करतो. साधारण ५० अंश सेल्सिअसच्या पुढे तिच्या मांसातली प्रथिनं गोठू लागतात आणि आरपार दिसणारं राखाडी मांस दुधी होतं. साठीच्या थोडं पुढे ती खायला सगळ्यात छान. सत्तरीच्या पुढे तंतू आवळले जातात आणि आतलं पाणी बाहेर पडतं. आता रस्सा उकळतो तो शंभर अंशांना. त्यात पडलेली मध्यम कोळंबी साठीवरून ऐंशीवर जायला कितीसा वेळ घेणार? आपण झाकण ठेवून फोन घ्यायला बाहेर गेलो की काम तमाम.

एवढं कळल्यावर प्रश्न असा उरला की भाताला लागणारी वीस मिनिटं आणि कोळंबीला लागणारी तीन मिनिटं एकाच पातेल्यात कशी बसवायची. त्याकडे येते, पण आधी बाजार. कारण पुढचं निम्मं तिथेच ठरतं.

ठाण्याच्या मासळी बाजारात माझी एक ठरलेली मावशी आहे. तिच्यापुढे दोन ढीग असतात, एक सोललेल्या कोळंबीचा, एक डोक्यासकट. सोललेलीकडे हात गेला की ती म्हणते, “ती घाईवाल्यांची. तू डोक्याची घे गो बाय, घरी जाऊन सोल.” यात तिचा तोटाच आहे, कारण सोललेली महाग विकली जाते. पण तिचं म्हणणं बरोबर आहे. सोललेल्या कोळंबीचं वय कळत नाही. डोक्यासकट असली की कळतं: डोकं धडाला घट्ट धरून असलं पाहिजे, कवच चकचकीत आणि मांसाला चिकटलेलं, वास समुद्राचा. डोक्याच्या कडेला, पायांशी काळं पडू लागलं असेल किंवा नाकाला अमोनिया झोंबला तर तो ढीग सोडून पुढे जायचं.

घरी आल्यावर मी पिशवी तशीच फ्रीजमध्ये टाकत नाही. आधी डोकी मोडते. कोळंबीची पचनग्रंथी डोक्यात असते आणि ती मेल्यावर त्यातली पाचक द्रव्यं तिच्याच मांसावर काम सुरू करतात. म्हणून दिवसभर डोक्यासकट राहिलेली कोळंबी मानेपाशी पिठूळ लागते. पिठूळ आणि मऊ यांत घोटाळा करू नये. मऊ कोळंबी दाताखाली आधी किंचित अडते आणि मग सहज तुटते. पिठूळ कोळंबी अडतच नाही, तिचा लगदा होतो, आणि तिला कुठलीही पाककृती वाचवू शकत नाही.

डोकी आणि टरफलं फेकायची नाहीत. डोक्याच्या टोकाचा काटा आणि आतली काळी पिशवी तेवढी काढून बाकी सगळं एका वाडग्यात ठेवायचं. पाठीवरून सुरीच्या टोकाने हलकी चीर देऊन काळा धागा ओढून घ्यायचा. चीर खोल नको. निम्म्यापर्यंत कापलेली कोळंबी फुलासारखी उमलते, दिसते सुरेख, पण तिची जाडी अर्धी झाल्यामुळे ती तितकीच लवकर आवळते. हॉटेलात ठीक आहे, भातात नको.

१ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक होड्यांना बंदी असते. तेव्हा बाजारात येते ती बहुतेक शेततळ्यांतली वनामी, बरीचशी आंध्रातून, किंवा गोठवलेली पाकिटं. वनामी मुळात पॅसिफिकच्या पलीकडची, मेक्सिको ते पेरूच्या किनाऱ्यावरची. आपल्याकडे तिच्या शेतीला २००९ मध्ये परवानगी मिळाली. चवीला ती आपल्या समुद्राच्या कोळंबीपेक्षा सपक, पण आकाराने एकसारखी, आणि शिजवणाऱ्याला हा मोठाच फायदा. बाजारातल्या ढिगात लहान-मोठ्या एकत्र असतात. लहान रबर होईपर्यंत मोठी कच्चीच असते. म्हणून मी आता ढिगातल्या कोळंबीचे सोलतानाच दोन वाडगे करते आणि पातेल्यात मोठी आधी टाकते. पाकिटावर ३१/४० असं काही छापलेलं असेल तर ते एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, किती नग बसतात त्याचा आकडा असतो. ३१/४० मधली एक कोळंबी ११ ते १५ ग्रॅमची. भाताला हाच आकार मला बरा वाटतो. पाकीट आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवून सावकाश उतरवायचं; घाई असेल तर बंद पिशवीसकट गार पाण्यात. गरम पाण्याखाली धरली की बाहेरून शिजायला लागते आणि आत बर्फ तसाच.

मग सुरू झाला मॅरिनेशनचा घोळ. इथे प्रत्येकाचं वेगळंच शास्त्र. नणंद म्हणते लिंबू चोळ, वास जातो. शेजारची म्हणते दही. कामावरच्या एकीने चिनी हॉटेलवाल्यांचा खाण्याचा सोडा सांगितला. एका रविवारी मी एकाच ढिगातली कोळंबी तीन वाट्यांत वाटली. एकीला नुसतं मीठ, दुसरीला मीठ आणि सोडा, तिसरीला मीठ, हळद, लिंबू. अर्धा तास फ्रीजमध्ये. मग तिन्ही एकाच तव्यावर, तितकाच वेळ.

लिंबाची कडेने आधीच पांढरी पडली होती, विस्तव न पाहता. आंबट पदार्थ प्रथिनं गोठवतो आणि मांसाची पाणी धरायची ताकद कमी करतो, त्यामुळे तव्यावर ती सगळ्यात आधी आकसली. वास जातो हे नणंदेचं म्हणणं खोटं नाही. पण ताज्या कोळंबीला घालवण्याजोगा वास असतोच कुठे? तेव्हापासून लिंबू किंवा कोकमाचं आगळ मी कोळंबीला चोळून ठेवत नाही. हवं तर चुलीवर घालायच्या पाच मिनिटं आधी.

मिठाची चांगली झाली. मिठाने मांसातली काही प्रथिनं सुटी होतात आणि ती पाणी धरून ठेवतात. अर्धा किलो सोललेल्या कोळंबीला अर्धा चमचा मीठ, वीस-तीस मिनिटं, बस्स. पुढे वाटणात मीठ घालताना हे विसरायचं नाही.

सोड्याची सगळ्यात मऊ झाली, यात वाद नाही. पाव चमचा सोडा अर्ध्या किलोला पुरतो. त्याने मांस अल्कधर्मी होतं आणि तंतू तितकेसे आवळत नाहीत. मिनिटभर जास्त शिजली तरी चालून जाते. पण तिला एक टच्च, उसळणारा दात येतो, हाका नूडल्समधल्या कोळंबीसारखा. ताज्या समुद्राच्या कोळंबीला तो मला परका वाटतो. गोठवलेल्या वनामीला मात्र मी सोडा बिनदिक्कत लावते. एक गंमत तेवढी सांगून ठेवते: सोडा लावलेल्या कोळंबीवर हळद टाकली आणि ती लालसर तपकिरी झाली. माझा मुलगा तेव्हा शाळेत आम्ल-अल्क शिकत होता. तो म्हणाला, “आई, हा तर आमचा प्रयोग!” वर आगळाचा थेंब टाकताच तेवढ्या जागी पिवळेपणा परत आला. रंग सांभाळायचा असेल तर सोड्याची कोळंबी धुऊन, फडक्याने टिपून मगच हळद लावावी.

फडक्याने टिपणं कुठल्याही कोळंबीला हवंच. ओली कोळंबी तव्यावर आधी पाणी सोडते, त्या पाण्यात उकडते, आणि ते आटून रंग धरेपर्यंत तिचं रबर झालेलं असतं. तवा गच्च भरला तरी हेच होतं. रव्यातली कोळंबी तळताना म्हणून मी चार घाण्यांची कटकट सोसते. तेल तापलेलं, दोन कोळंब्यांत बोटभर अंतर, एका बाजूने दीड मिनिट, उलटून एक मिनिट. ताटात गेल्यावरही ती आतल्या आत थोडी शिजत असते, म्हणून उतरवायची ती किंचित अलीकडे.

किंचित अलीकडे म्हणजे कधी, हाच सगळ्यांना पडणारा प्रश्न. ‘लाल झाली की झाली’ असं आपल्याकडे सांगतात. पण तो लाल रंग कोळंबीत आधीपासूनच असतो. एका प्रथिनाला बांधलेला असतो म्हणून ती निळसर-राखाडी दिसते, आणि उष्णतेने ती गाठ सुटली की रंग उघडा पडतो. हे बाहेरून आधी घडतं. आत काय चाललंय ते रंग सांगत नाही. आकारावरूनही ओळखतात, अर्धचंद्र म्हणजे झाली आणि वेटोळं म्हणजे गेली. ढोबळ मानाने ते खरं आहे, पण पाठीला चीर दिलेली कोळंबी मनाला येईल तशी वळते. मी बघते ती चीरच. डोक्याकडच्या सगळ्यात जाड भागात, चिरेच्या तळाशी, राखाडी पारदर्शक रेघ दिसते. ती रेघ दुधी झाली की त्याच क्षणी आच बंद. केकसाठी आणलेला सुईचा थर्मामीटर मी सुरुवातीला खुपसून बघायचे. डोक्याच्या बाजूने लांबीत सुई सारायची, नाहीतर ती आरपार जाते. रेघ जाते तेव्हा आकडा साठीच्या आसपास असायचा. अमेरिकेतली अन्नसुरक्षेची पत्रकं मासळीला ६३ अंश सांगतात आणि कोळंबीला मांस मोतिया, अपारदर्शक होईपर्यंत शिजवा म्हणतात. डोळा बसल्यावर सुई परत केकच्या डब्यात गेली.

आता भात. सासूबाईंना मी एकदा सरळच विचारलं होतं की कोळंबी नंतर घातली तर? त्या म्हणाल्या, “मग भाताला चव कुठून येणार?” या प्रश्नाला माझ्याकडे बरेच दिवस उत्तर नव्हतं, कारण त्यांचं बरोबरच होतं. कोळंबी तांदळात वीस मिनिटं शिजवण्याचं कारण ती शिजवणं नव्हतंच. तिचा रस भातात उतरवणं हे होतं. मांस पिळून भाताला चव द्यायची, मग मांसात काय राहणार! उत्तर कचऱ्याच्या पिशवीत जात होतं. डोकी आणि टरफलं.

पातेल्यात दोन चमचे तेल तापवून त्यात डोकी आणि टरफलं टाकायची. मोठ्या आचेवर परतत राहिलं की ती लालभडक होतात आणि तेलही केशरी होतं, कारण तो रंग तेलात उतरतो. स्वयंपाकघरात भाजक्या कोळंबीचा वास सुटला की डोकी डावाने दाबून फोडायची, भाताला लागेल त्याहून वाटीभर जास्त पाणी घालायचं आणि मंद आचेवर वीस मिनिटं उकळायचं. मग गाळणीत डावाने दाबून-दाबून गाळायचं. हाती येतं ते गढूळ केशरी पाणी. दिसायला काही खास नाही, पण बोट बुडवून चाखलं की लक्षात येतं की कोळंबीची निम्मी चव आपण इतकी वर्षं ओल्या कचऱ्यात टाकत होतो.

हे पाणी मिळाल्यावर बाकीचं सोपं. मीठ लावलेल्या कोळंबीला हळद, तिखट आणि थोडं वाटण चोळायचं. ज्या पातेल्यात भात करायचा त्यातच तेल तापवून लसूण ठेचून टाकायची, कोळंबी मोठ्या आचेवर मिनिट-दीड मिनिट परतायची. बाहेरून रंग बदलला, आत रेघ राखाडी आहे, इतक्यात ताटात काढायची. पातेल्याला चिकटलेला मसाला खरवडायचा नाही. त्यावरच आणखी तेल, तमालपत्र, लवंग, दालचिनी, कांदा, उरलेलं वाटण आणि धुऊन निथळलेला तांदूळ. मी जुना कोलम घेते. बासमतीने देखणा होतो, पण हा भात मला मऊसर आवडतो. तांदूळ परतला की टरफलांचं उकळतं पाणी, मीठ, आणि झाकण.

तांदूळ शिजून पाणी आटलं आणि वर भोकं दिसू लागली की आच बंद. ताटात काढलेली कोळंबी आणि तिला सुटलेलं पाणी, खोबरं, कोथिंबीर, सगळं वर पसरायचं, डावाच्या मागच्या बाजूने अलगद भातात दाबायचं आणि झाकण घट्ट लावून आठेक मिनिटं त्याकडे बघायचंही नाही. खाली तवा नाही, निखारा नाही. नुकता शिजलेला भात नव्वदीच्या वर असतो, अर्धवट झालेल्या कोळंबीला तेवढी धग पुरते, आणि भात निवत जातो तशी धगही कमी होत जाते. कोळंबी कच्चीच भातात घालूनही पाहिली. लहान असेल तर होते. मोठी असेल तर एखादी हमखास कच्ची निघते, आणि ती नेमकी पाहुण्यांच्या ताटात. परतून काढलेलीच बरी.

पाहुण्यांना उशीर होणार असेल तर भात झाकून ठेवते आणि कोळंबी ताटातच, फ्रीजमध्ये. गाडी लावतोय असा फोन आला की भातावर पाण्याचा हबका मारून चांगली वाफ आणायची आणि मग कोळंबी मिसळायची. हात-पाय धुऊन, पाणी पिऊन मंडळी बसेपर्यंत ती तयार.

सासूबाईंनी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा भाताला मान डोलावली. कोळंबी मात्र उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाल्या, “जरा कच्चीच वाटते गं.” कच्ची नव्हती, पण त्यांचं तोंड आयुष्यभर दुसऱ्या कोळंबीला सरावलेलं. शिवाय त्यांच्या लहानपणी फ्रीज नव्हता, मासळी दुपारपर्यंत टोपलीत यायची; ती नीट शिजवणं हा शहाणपणा होता. आणि एक गोष्ट त्या आजही म्हणतात, ती मला पटते: कोळंबीला चावायला काहीतरी हवंच. सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, खिचडी आम्ही दोघी मिटक्या मारत खातो, तिथे कोणी मऊपणा मागत नाही. सोड्यांची तीच मजा. कोळंबीच्या खडखडल्यातही त्या कोळंबी कोरडी होईपर्यंत परततात, आणि मी त्या वेळी ओट्यापाशी जात नाही. भातात मात्र त्यांच्यासाठी चार कोळंब्या पातेल्यात दोन मिनिटं जास्त राहतात.

कालवणाला हीच रीत जरा सोपी पडते. नारळाचा रस्सा, त्यात कोकम आणि हवी तर तिरफळं, आधी पूर्ण उकळून घ्यायचा. आंबट रश्शाला लागायला वेळ हवा असतो, कोळंबीला नको. चव बघून, मीठ-तिखट पक्कं करून, मोठी उकळी असताना कोळंबी सोडायची, एकदा ढवळून झाकायचं आणि आच बंद. पाच-सहा मिनिटांत होते. रस्सा पातेलंभर असला पाहिजे. अर्धा किलो कोळंबीला वाटीभर रस्सा असेल तर कोळंबीच रस्सा गार करते, तेव्हा मंद आच चालू ठेवावी लागते.

पण दुसऱ्या दिवसाचं कालवण? ते जास्त चवदार लागतं हे सगळ्यांना माहीत आहे, आणि गरम करताना कोळंबीचं वाटोळं होतं हेही. रात्रीच कोळंबी चमच्याने वेचून वेगळ्या डब्यात ठेवते आणि त्यावर थोडा रस्सा ओतते, म्हणजे ती सुकत नाही. सकाळी रस्सा एकटा खळखळून उकळायचा, उतरवायचा, मग कोळंबी त्यात. ती आधीच शिजलेली आहे, तिला नुसतं गरम व्हायचंय.

डब्याचं मात्र मला जमलेलं नाही. ऑफिसातल्या मायक्रोवेव्हपुढे कोणाचं काही चालत नाही. दोन मिनिटांत सगळी मेहनत फुकट, वर आजूबाजूच्यांच्या नजरा. नवऱ्याला कोळंबीभाताचा डबा द्यायचाच झाला तर भात देते आणि त्यातली कोळंबी रात्रीच आम्ही संपवतो. त्याची तक्रार नाही. भाताला चव आहेच.